प्रिंटर बिघडला? आधी निम्मं करा

मी आयुष्यात पहिल्यांदा जो प्रिंटर उघडला, त्यात काहीच बिघडलेलं नव्हतं. उघडल्यावर मात्र बिघडला.

तालुक्याच्या गावी माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. प्रवेशाचे दिवस होते, दारात सात-आठ माणसं उभी, आणि प्रिंटरचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. ट्रेमध्ये कागद होता, वायर जोडलेली होती, तरी पान बाहेर येईना. बंद-चालू करून पाहिलं, वरून दोन थापट्या मारून पाहिल्या आणि शेवटी स्क्रूड्रायव्हर काढला. तासाभराने संगणकाच्या क्लासला जाणारा एक पोरगा आला. त्याने स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाला, "काका, पेपर साइझ लेटर आहे. ए-फोर करा." केलं. लगेच प्रिंट आली. पण मधल्या तासात ट्रेजवळची एक बारीक स्प्रिंग जी उडाली ती सापडलीच नाही, आणि विकून टाकेपर्यंत तो प्रिंटर कागद तिरका ओढत राहिला.

लेटर हा अमेरिकेत चालणारा कागद, २१६ बाय २७९ मिलिमीटरचा. आपला ए-फोर २१० बाय २९७. संगणकाने लेटर मागितला की काही प्रिंटर 'तो कागद द्या' म्हणून दिवा लुकलुकवत थांबतात. बिचारं यंत्र वाट बघत होतं आणि मी त्याचं पोट फाडत होतो.

नवशिक्यांसाठी लिहितोय म्हणून हा किस्सा आधी सांगितला. यंत्र खोलणं अवघड नसतं. दोष खोलायच्या जागीच आहे का, हे आधी ठरवणं अवघड. त्यासाठी मी एकच युक्ती वापरतो. सगळी साखळी डोळ्यासमोर आणायची, बरोबर मधे तोडायची, आणि दोष अलीकडच्या निम्म्यात आहे की पलीकडच्या ते बघायचं. मग उरलेल्या निम्म्याचं पुन्हा निम्मं. तीन-चार वेळा असं केलं की बहुतेक दोष कोपऱ्यात सापडतो, आणि तोवर स्क्रूड्रायव्हर खणातच राहतो.

पहिलं निम्मं: संगणक की प्रिंटर?

तुमचं यंत्र झेरॉक्सही काढणारं असेल तर काम सोपं. यूएसबीची वायर काढून टाका, काचेवर एखादं पान ठेवा आणि कॉपीचं बटण दाबा. स्वच्छ झेरॉक्स आली तर कागद ओढणं, कार्ट्रिज, तापवून चिकटवणं हे सगळं ठीक आहे. दोष वायरमध्ये किंवा संगणकात. झेरॉक्सच येत नसेल तर संगणक निर्दोष सुटला, त्याला हात लावू नका.

नुसत्या प्रिंटरला एखादं बटण असेल तर बहुतेकांत ते काही सेकंद दाबून धरलं की चाचणीचं पान निघतं. पण दुकानोदुकानी दिसणारा एचपी १०२० घ्या: त्याला बटणच नाही. शिवाय तो स्वतःचा मेंदू जवळ बाळगत नाही. दर वेळी चालू केला की त्याला चालवणारा प्रोग्रॅम संगणकाकडून त्याच्यात भरला जातो. त्यामुळे संगणकाशिवाय तो गप्पच बसणार. अशा यंत्राचं निम्मं करायचं तर दुसरा संगणक जोडून बघायचा, शेजाऱ्याचा लॅपटॉपही चालतो.

दोष संगणकाकडे निघाला तर पुढच्या गोष्टी या क्रमाने बघा.

आधी वायर. दोन्ही टोकं काढून घट्ट बसवा. मात्र संगणकाकडचं टोक पूर्वी ज्या खाचेत होतं त्याच खाचेत घाला. ही गोष्ट कुणी सांगत नाही. काही प्रिंटर दुसऱ्या खाचेत लावले की विंडोजला वाटतं नवाच प्रिंटर आला, आणि यादीत त्याच नावापुढे 'कॉपी १' लिहून दुसरी नोंद तयार होते. तुम्ही प्रिंट देता जुन्या नोंदीवर, ती बिचारी रिकाम्या खाचेकडे बघत 'ऑफलाइन' म्हणत बसते. यादीत एकाच प्रिंटरची दोन-तीन नावं दिसली तर जे फिकट नाही ते वापरा, बाकीची काढून टाका.

मग डिफॉल्ट प्रिंटर, म्हणजे वेगळं काही निवडलं नाही तर प्रिंट ज्याच्याकडे जाते तो. विंडोज १० आणि ११ मध्ये 'लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर' अशी एक खूण असते. ती चालू असेल तर ज्यावर शेवटची प्रिंट काढली तोच आपोआप डिफॉल्ट होतो. एकदा पीडीएफ सेव्ह करताना 'प्रिंट टू पीडीएफ' निवडलं की पुढची प्रत्येक प्रिंट कागदाऐवजी फाइल होऊन बसते. ती खूण काढा आणि आपला प्रिंटर स्वतः ठरवून द्या.

तरीही पान निघत नसेल तर रांग तुंबलेली असते. एखादी अर्धवट प्रिंट पुढे उभी राहते आणि मागच्यांना सोडत नाही. 'डिलीट' केलं तरी ती 'डिलीटिंग' म्हणत तिथेच. अशा वेळी विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा, इंग्रजीत सर्व्हिसेस, मग टिंब आणि एमएससी असं टाइप करून एंटर मारा. यादीत 'प्रिंट स्पूलर' शोधा (ही रांग तोच सांभाळतो), त्यावर उजवं क्लिक करून 'स्टॉप' करा. आता सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात सिस्टम ३२, त्यात स्पूल, त्यात प्रिंटर्स असं आत जा. या शेवटच्या फोल्डरमधल्या फाइली पुसा. फोल्डर पुसू नका, आणि बाजूचा ड्रायव्हर्स नावाचा फोल्डर तर अजिबात नाही. परत येऊन स्पूलर 'स्टार्ट' करा. दुकानातल्या 'प्रिंटर बिघडला'पैकी कितीतरी प्रकरणं इथेच मिटतात.

मराठी फाइल आणि इंग्रजी किडे

हा बिघाड नाही, पण लोक तो प्रिंटरच्याच माथी मारतात. कुणीतरी जुना करारनामा पेनड्राइव्हवर आणतो, उघडला की पानभर टिंब-टोप्या लावलेली इंग्रजी अक्षरं. श्रीलिपी, कृतीदेव किंवा आयएसएमच्या काळातले फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांची चित्रं बसवून बनवलेले होते. तो फॉन्ट ज्या संगणकात नाही, तिथे चित्र जातं आणि खालचं इंग्रजी अक्षर उघडं पडतं. प्रिंटरचं डोकं धुंडाळून काही मिळणार नाही. तोच फॉन्ट टाका, किंवा जिथे फाइल बनली तिथूनच पीडीएफ करून आणायला सांगा. नवीन मजकूर मात्र युनिकोडमध्येच, म्हणजे मराठी अक्षरांना स्वतःची जागा देणाऱ्या पद्धतीत करा. विंडोजमधले मंगल किंवा निर्मला हे फॉन्ट त्यासाठीच आहेत.

याचं उलटं प्रकरणही येतं. पीडीएफ स्क्रीनवर नीट दिसते आणि कागदावर मात्र जोडाक्षरं तुटतात, किंवा चौकोन येतात. ॲडोबी रीडरमधून प्रिंट देताना 'ॲडव्हान्स्ड' बटणात 'प्रिंट ॲज इमेज' अशी खूण असते. ती केली की संगणक अख्खं पान चित्र म्हणून पाठवतो. थोडा वेळ लागतो, पण जे दिसतं तेच उमटतं.

कागद सादळतो

आता दोष प्रिंटरकडे आहे असं धरू. तरी यंत्र खोलायची घाई नको. आधी कागद.

पापड सादळतो तसा कागदही सादळतो. कोकणात जून ते सप्टेंबर हा अनुभव रोजचा, पण घाटावरही भर पावसात फार वेगळं नसतं. सादळलेला कागद आत जाताना वळतो, अडकतो, दोन-दोन जातात, आणि काळी अक्षरं बोटाने पुसली जातात. कारण यंत्राची निम्मी उष्णता कागदातलं पाणी सुकवण्यातच जाते. एकदा भर श्रावणात प्रिंटरच्या वरून पांढरा धूर निघताना पाहून मी मेन स्विच बंद केला होता. वास मात्र जळका येत नव्हता. ती वाफ होती! ओला कागद दोनशे अंशांच्या आसपासच्या तापलेल्या भागातून गेला की वाफ निघणारच.

उपाय साधा. रीम फोडली तरी तिचं वेष्टन फेकू नका. पाचशेतले पन्नास कागद काढा, उरलेले वेष्टनात घट्ट गुंडाळून डब्यात किंवा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. रात्री दुकान बंद करताना ट्रेमधले कागदही काढून ठेवा. भरण्याआधी गठ्ठा पत्त्यांसारखा फडफडवा, म्हणजे चिकटलेले कागद सुटतात. निघालेली पानं फार वळत असतील तर गठ्ठा उलटा घालून बघा.

कागद अडकला तर आधी प्लग काढा. मग तो ज्या दिशेला चालला होता त्याच दिशेला, दोन्ही हातांनी, सावकाश ओढा. एका हाताने ओढला की हमखास कोपरा फाटतो आणि आत राहतो. फाटलाच तर सगळे तुकडे टेबलावर जुळवून अख्खा ए-फोर होतो का ते बघा. होत नसेल तर उरलेला तुकडा आत आहे, आणि तो सापडेपर्यंत यंत्र पुन्हा पुन्हा 'कागद अडकला' म्हणत राहणार. ही जुळवाजुळव पोरखेळ वाटते, पण नखाएवढ्या तुकड्यापायी मी एकदा दीड दिवस घालवला आहे.

कागद ओढलाच जात नसेल तर पिकअप रोलर बघा. ट्रेच्या तोंडाशी, कागदाला पुढे ढकलणारी रबराची चकती म्हणजे तो. तो वापराने गुळगुळीत होतो आणि वर कागदाची भुकटी बसते. धागे न सुटणाऱ्या सुती फडक्याला किंचित पाणी लावून तो फिरवत पुसा, आणि वाळल्यावरच कागद घाला. पेट्रोल, थिनर लावू नका, रबर फुगतं. तेल तर नकोच. पुसल्यावर पंधरा दिवसांत पुन्हा तेच सुरू झालं तर रोलर बदलायची वेळ आली. आणि एका वेळी दोन-तीन कागद जात असतील तर रोलर नव्हे, त्याच्या समोरची सेपरेशन पॅड (कागद एकेक सुटा करणारी पट्टी) झिजलेली असते.

लेझर प्रिंटरच्या पोटात

शाळेत कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचललेत ना? लेझर प्रिंटर आणि झेरॉक्स मशीन तेच करतात. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कमधल्या अस्टोरिया भागात चेस्टर कार्लसन आणि त्याचा मदतनीस ओटो कोर्नाय यांनी गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा हातरुमालाने घासून त्यावर वीज चढवली. त्यावर काच ठेवून उजेड पाडला. काचेवर शाईने तारीख आणि जागेचं नाव लिहिलेलं होतं. उजेड लागला तिथली वीज गेली, अक्षरांखालची राहिली. मग वरून पूड भुरभुरवली आणि ती अक्षरांना चिकटली. ती मेणाच्या कागदावर घेतली आणि तापवली. जगातली पहिली झेरॉक्स ती.

तुमच्या कार्ट्रिजमध्ये याच पायऱ्या आहेत. हातरुमालाच्या जागी एक काळा चार्ज रोलर, पत्र्याच्या जागी हिरवा किंवा निळा चकचकीत ड्रम, उजेडाच्या जागी लेझर, पुडीच्या जागी टोनर. फरक एवढाच की कार्लसनच्या पत्र्यावर जिथे उजेड लागला नाही तिथे पूड बसली. लेझर प्रिंटरमध्ये सहसा जिथे लेझर लागतो तिथे बसते. ड्रमवरची पूड कागदावर उतरते, उरलेली एक रबरी पातं खरवडून बाजूच्या कप्प्यात टाकतं. मग कागद फ्यूझर या तापलेल्या भागात जातो आणि पूड वितळून चिकटते. टोनर मुळात प्लॅस्टिकची रंगीत भुकटी आहे, शाई नाही.

एवढं कळलं की प्रिंटरच्या आतही निम्मं करता येतं. भरपूर मजकुराचं पान छापायला द्या, आणि कागद अर्धा आत गेला की झाकण उघडा. यंत्र जागीच थांबेल. (झाकण उघडलं की लेझर बंद व्हावा म्हणून आत एक कळ असते. काडी खुपसून ती दाबून ठेवणारे महाभाग मी पाहिलेत. तसं करू नका, डोळे एकच जोडी आहेत.) कार्ट्रिज काढा, कागद अलगद बाहेर घ्या. त्याचा काही भाग फ्यूझरपर्यंत पोचलेला नसेल. तिथे पूड नुसती बसलेली आहे, फुंकर मारली तर उडेल. आता नीट बघा. इथे अक्षरं स्वच्छ आहेत, पण एरवी पूर्ण निघालेलं पान पुसलं जातं किंवा फासलं जातं, तर दोष फ्यूझरमध्ये किंवा सादळलेल्या कागदात. इथेच रेघ किंवा डाग असेल तर दोष कार्ट्रिजमध्ये. ड्रमवर अक्षरं उमटलीत आणि कागदावर उतरलीच नाहीत, तर कार्ट्रिजखालचा काळ्या स्पंजाचा ट्रान्सफर रोलर. त्याला बोट लावू नका, हाताचा तेलकटपणा त्याला सोसत नाही.

दुसरी चाचणी मोजपट्टीची. डाग पानावर ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येतोय? अंतर मोजा. एचपीच्या १२ए आणि ८८ए या दोन्ही कार्ट्रिजमध्ये ड्रमचा व्यास २४ मिलिमीटर, म्हणजे एक फेरा साधारण ७५ मिलिमीटर. दर ७५ला डाग म्हणजे ड्रमला टोचा पडलाय. १२एमध्ये दर ३८च्या आसपास असेल तर चार्ज रोलरला घाण आहे. तो मऊ कोरड्या कापडाने पुसता येतो. अंतर दोन्हींत बसत नसेल तर लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

रेघांची भाषाही शिकून घ्या. वरपासून खालपर्यंत एकच बारीक काळी रेघ म्हणजे पातं चिरलंय किंवा ड्रमला ओरखडा आहे. उभी पांढरी रेघ असेल तर टोनर तिथे पोचत नाही, किंवा लेझरच्या काचेवर धूळ आहे. पान एका बाजूला फिकट होत चाललंय तर टोनर संपत आलाय. कार्ट्रिज बाहेर काढून आडवं धरा आणि धान्याचं सूप हलवतात तसं पाच-सहा वेळा डावी-उजवीकडे हलवा. वीस-पंचवीस पानं सहज निघतात, आणि फॉर्मच्या शेवटच्या दिवशी तेवढी पुरतात.

रिफिलबद्दल माझं मत तिखट आहे. १२ए कार्ट्रिज कंपनीच्या हिशोबाने २००० पानांचं असतं, तेही पानावर पाच टक्केच काळं धरून. रिफिल करणं यात काही गैर नाही, मी स्वतः करतो. पण भरणाऱ्याने बाजूचा वापरलेल्या पुडीचा कप्पा रिकामा केलाच पाहिजे. नुसतं भोक पाडून वरून बाटली ओतणारा भेटला तर दोन रिफिलनंतर तो कप्पा ओसंडतो आणि पानभर काळे शिंतोडे उडतात. तोच मग म्हणतो, "प्रिंटर जुना झाला." कार्ट्रिजवर मास्किंग टेप लावून तारीख लिहा. दोन-तीन रिफिलनंतर ड्रम आणि पातं बदलायला सांगा. आणि कार्ट्रिज उघड्यावर उजेडात ठेवू नका. ड्रमला उजेड बाधतो, वर वर्तमानपत्र तरी झाका.

टोनर सांडला तर ओल्या फडक्याने टिपा. हात-कपडे थंड पाण्याने धुवा, गरम पाण्याने ते चिकटतं. घरातला साधा व्हॅक्युम क्लीनर लावू नका. भुकटी इतकी बारीक असते की गाळणीतून परत खोलीत येते.

टाकीवाले रंगीत प्रिंटर

घरात आता शाईच्या टाक्यांचे प्रिंटरच जास्त. त्यांचा मुख्य शत्रू म्हणजे न वापरणं. महिनाभर बंद राहिला की शाई बारीक भोकांत वाळते. आठवड्यातून एक रंगीत पान काढा, मुलाचं चित्र का असेना. आणि बंद करताना प्रिंटरवरच्याच बटणाने बंद करा, भिंतीवरच्या स्विचने नाही. बटणाने बंद केल्यावर शाईचं डोकं कोपऱ्यात जाऊन टोपीखाली बसतं. भिंतीवरून बंद केलं तर ते वाटेतच उघडं राहतं.

रंग गायब झाला तर आधी 'नोझल चेक' काढा. जाळीदार नक्षी येते, तिच्यात कुठे खंड आहे ते बघा. खंड असेल तरच 'हेड क्लीनिंग' करा आणि पुन्हा नोझल चेक. दोन-तीनदा करूनही सुधारत नसेल तर थांबा, रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा बघा. बरेचदा नळीतला हवेचा बुडबुडा तेवढ्यात वर जातो. सलग दहा वेळा क्लीनिंग करणारे शाई पैशासारखी ओततात, आणि ती शाई जाते कुठे? आतल्या एका स्पंजात. तो भरला की प्रिंटर एक दिवस संप पुकारतो आणि स्पंज बदलेपर्यंत एकही पान देत नाही. शाई खालच्या रेषेच्या खाली जाऊ देऊ नका, आणि भरलेला प्रिंटर तिरका करून स्कूटरवरून नेऊ नका.

काळी रेघ फक्त झेरॉक्समध्ये

संगणकावरून प्रिंट स्वच्छ येते, पण झेरॉक्समध्ये उभी रेघ? मग कार्ट्रिजला दोष देऊ नका, दोष काचेकडे आहे. पान वरच्या फीडरमधून घातलं तरच रेघ येते आणि मोठ्या काचेवर ठेवलं की येत नाही, असं असेल तर मोठ्या काचेच्या शेजारची बोटभर रुंद पट्टी बघा. तिच्यावर व्हाइटनरचा किंवा डिंकाचा एखादा ठिपका असणार. नखाने हलकेच खरवडा, मग ओलसर फडक्याने पुसा. कॅरमबोर्डावरच्या पावडरीएवढा ठिपका अख्ख्या पानावर रेघ ओढतो, कारण कागद त्याच्यावरून सरकतो.

संगणक सुरू होतो, पडदा काळाच

पंखा फिरतोय, दिवा लागलाय, मॉनिटरवर काही नाही. आधी मॉनिटरचं निम्मं करा: वायर काढल्यावर 'नो सिग्नल' असं आलं तर मॉनिटर जिवंत आहे. मग रॅम, म्हणजे संगणकाची तात्पुरती स्मृती असलेली पट्टी. भिंतीवरचा प्लग काढा आणि पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेली वीज जाते. कॅबिनेटच्या लोखंडाला एकदा हात लावा. रॅमच्या पट्टीच्या दोन्ही बाजूंच्या चिमट्या बाहेर ढकला, पट्टी वर येईल. तिच्या सोनेरी दातांवर शाळेतला पांढरा खोडरबर हळू फिरवा. हे करायला पट्टी कॅबिनेटपासून लांब न्या, रबराचा भुगा खाचेत पडला तर नवी डोकेदुखी. परत बसवताना दोन्हीकडून 'टक्' असा आवाज यायला हवा. एकाच बाजूने आला तर ती बसलेली नाही. दोन पट्ट्या असतील तर एक-एक लावून बघा. हेही निम्मंच.

आणखी एक चकवा. बँकेची, सरकारी पोर्टलची पानं अचानक 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणून उघडत नाहीत आणि सगळे इंटरनेटवाल्याला फोन लावतात. घड्याळ बघा. तारीख कित्येक वर्षं मागे गेली असेल तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल संपलाय. वेबसाइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते आणि चुकीच्या तारखेला ती जुळत नाही. सेल घड्याळवाल्याकडेही मिळतो.

इथे हात घालू नका

संगणकाचा एसएमपीएस, म्हणजे आतला वीज पुरवणारा डबा, उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातले कपॅसिटर वीज धरून असतात. लेझर प्रिंटरचा फ्यूझर बंद केल्यावर अर्धा तास तरी थंड होऊ द्या. १९५९ साली आलेल्या झेरॉक्स ९१४ या यंत्रासोबत कंपनी आग विझवायचं नळकांडं देत असे आणि त्याला अग्निशामक न म्हणता 'करपणं दूर करणारं' असं सौम्य नाव दिलं होतं. आताची यंत्रं तशी पेटत नाहीत, पण बोट भाजायचं काम तितक्याच तत्परतेने करतात. फ्यूझरमधलं टेफ्लॉन फाटलं असेल तर ते काम मेकॅनिकचं.

लेझर प्रिंटर छोट्या यूपीएसवर लावू नका. फ्यूझर तापताना एकदम जास्त वीज ओढतो, यूपीएस बंद पडतो आणि सोबत संगणकही. प्रिंटरला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर दुसरं काही करण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासा. अर्थिंग नसलेल्या बोर्डावर यूएसबीची खाच जळलेली मी दोनदा पाहिली आहे.

आणि मेकॅनिकला बोलवायचं ठरलं तर 'प्रिंट नीट येत नाही' एवढंच सांगू नका. अर्ध्यात थांबवलेलं ते पान, डागाचं मोजलेलं अंतर आणि वायर काढून झेरॉक्स आली की नाही, हे तीन मुद्दे सांगा. आमच्याकडे येणारा मेकॅनिक पंचवीस किलोमीटरवरून मोटरसायकलवर येतो. पूर्वी एक फेरी बघायला आणि दुसरी भाग आणायला व्हायची. गेल्या महिन्यात मी फोनवर नुसतं "पंचाहत्तर" म्हणालो. येताना तो ड्रम घेऊनच आला.